उसाच्या पेशीतला पाटकरी



वसमत असो, औंढा असो की कळमनुरी, उसाच्या फडाच्या बांधावर घटकाभर उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "पाणी बी देलो, युरिया बी देलो, मंग पान कामून करपायलंय?" खालच्या जुन्या पानांची टोके आणि कडा आधी पिवळ्या पडतात, मग तपकिरी होतात. पानाच्या मधल्या शिरेवर वरच्या अंगाला तांबूस छटा येते. ऊस उभा दिसतो, पण वजन धरत नाही. जाणता शेतकरी असे पान हातात घेतो आणि सांगतो की हा पालाश कमी पडल्याचा प्रकार आहे. बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते.

पण पान करपणे ही या दुखण्याची शेवटची खूण झाली. पहिली खूण डोळ्यांना दिसतच नाही. ती पेशीच्या आत, कड पिवळी पडण्याच्या पुष्कळ आधी उमटते. आत नेमके काय चालते ते गेल्या सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी उलगडले आहे. विषय थोडा अवघड आहे हे मान्य. पण पालाशाच्या गोणीला पैसे घालायचे की नाही, हा हिशेब आपण दर हंगामाला शेजाऱ्याच्या बैलगाडीकडे बघून करतो. तो आपल्याच उसाकडे बघून करता यावा, एवढ्यासाठी हा लेख नेटाने वाचावा ही विनंती.

विकर म्हणजे काय?

आधी एक शब्द पक्का करून घेऊ. पेशीतली सगळी कामे विकरांमार्फत चालतात. कॉलेजात शिकणारी आपली मुले त्यालाच एन्झाइम म्हणतात. विकर स्वतः खर्ची पडत नाही, पण एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर झपाट्याने घडवून आणते. आपल्या सर्वांच्या खिशाला चाट लावणारे एक विकर तर सगळ्यांच्या ओळखीचे आहे, फक्त नावाने नाही. तोडलेला ऊस फडात किंवा यार्डात दोन-तीन दिवस उन्हात पडला की उतारा घसरतो. ही करणी मुख्यतः इन्व्हर्टेज नावाच्या विकराची. ते साखरेची फोड करून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून टाकते, आणि त्याची काही पॅनमध्ये दाणेदार साखर होत नाही.

आता हेच इन्व्हर्टेज उभ्या उसातही असते. मग उभा ऊस स्वतःची साखर खाऊन का टाकत नाही? कारण पेशी त्याला लगाम घालून ठेवते. कुठे कमी बनवायचे, कुठे कोंडून ठेवायचे, कधी मोकळे सोडायचे, हे सगळे ठरलेले असते. ऊस तुटला की तो लगाम सुटतो. विकर असणे आणि विकर चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मनात धरून पुढे चलावे.

सडक्या नावाचा कामाचा पदार्थ

आपल्या गोष्टीतला मुख्य पदार्थ आहे प्युट्रेसिन. बर्लिनमधील डॉक्टर लुडविग ब्रीगर यांनी १८८५ साली सडलेल्या मांसातून तो वेगळा काढला आणि सडण्याच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिले. वासही नावाला शोभेल असाच. बिचाऱ्याचे नशीब असे की नाव पडले सडण्याचे आणि काम निघाले जगण्याचे. पुढे कळले की हा पदार्थ जिवंत पेशीतही असतो, जंतूंत, माणसात, झाडात, सगळीकडे. प्युट्रेसिनला आणखी एक तुकडा जोडला की स्पर्मिडिन होते, त्याला अजून एक जोडला की स्पर्मीन. या तिघांना मिळून पॉलीअमाईन म्हणतात. स्पर्मीनचे खडे तर लेवेनहूक या डच माणसाने १६७८ साली आपल्या घरगुती सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. काय पाहिले ते कळायला मात्र दोनशेहून अधिक वर्षे गेली.

या तिन्हींचा गुण असा की त्यांच्या अंगावर धन भार असतो. प्युट्रेसिनवर दोन, स्पर्मिडिनवर तीन, स्पर्मीनवर चार. पेशीतला आनुवंशिक धागा आणि पेशीची पडदी यांवर ऋण भार असतो. त्यामुळे पॉलीअमाईन त्यांना चिकटतात, सावरून धरतात. कोंब फुटणे, मूळ वाढणे, पेशीची दोन शकले होणे, या कामांत त्यांच्यावाचून चालत नाही. प्रयोगशाळेत मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात प्युट्रेसिन बनवण्याची वाटच बंद केली, तेव्हा बीजातला अंकुर आतल्या आत मेला. दुसऱ्या बाजूने, ते फार झाले तरी पेशीला बाधते. म्हणून माप लागते, आणि माप राखायला राखणदार.

बार्लीच्या पानातला डाग

१९५२ साली इंग्लंडात रिचर्ड्स आणि कोलमन हे दोन शास्त्रज्ञ बार्लीवर प्रयोग करत होते. काही रोपांना सगळी अन्नद्रव्ये दिली, काहींचा पालाश तोडला. पानांचा रस कागदावर पसरवून त्यातले पदार्थ वेगळे करताना पालाश तुटलेल्या रोपांच्या रसात एक अनोळखी डाग उठून दिसला. तपासाअंती तो निघाला प्युट्रेसिनचा. धडधाकट रोपात अगदी नावाला असणारा पदार्थ उपाशी रोपात साठून आला होता. पुढे त्यांनी उलट प्रयोगही केला. बार्लीला बाहेरून प्युट्रेसिन पाजले, तर पानांवर पालाश कमी पडल्यासारख्याच खुणा दिसू लागल्या. त्यांच्याच देशातल्या टेरेन्स स्मिथ यांनी १९६३ पर्यंत यामागचे विकरही गाठले. त्याचे नाव आर्जिनीन डिकार्बॉक्सिलेज. नाव मोठे आहे, म्हणून या लेखापुरते आपण त्याला 'आर्जिनीनचे विकर' म्हणू. पालाश तुटला की या विकराचा जोर वाढतो, हे त्यांनी दाखवले.

झाड असे का करते? पालाशाच्या कणावर धन भार असतो आणि पेशीतल्या आम्लांचा ऋण भार तोलून धरणे हे त्याचे एक मोठे काम आहे. पालाश नसला की तागडीचे एक पारडे हलके होते. मग पेशी हाताशी जे आहे त्यातून, म्हणजे नत्रातून, धन भाराचा पदार्थ तयार करते आणि पारड्यात टाकते. वजनाचे माप हरवले म्हणून दगड ठेवून तोलण्याची ही रीत झाली. चार दिवस भागते. पण दगड वाढत गेले की तराजूच मोडायला येतो.

यात आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नत्र. प्युट्रेसिनचा कच्चा माल आर्जिनीन, आणि ते नत्राने गच्च भरलेले असते. अमोनियाच्या रूपातला नत्र भरपूर मिळालेल्या झाडांत प्युट्रेसिन वाढते, हेही अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे पालाश नाही आणि वर युरियाचा मारा, अशी स्थिती झाली तर आपण त्या दगडांच्या ढिगात भरच घालत असतो. बांधावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पाणी दिले, युरिया दिला, आणि पान करपले. युरिया 'देऊनही' नव्हे, काही अंशी युरिया एकटाच दिल्यामुळे.

येलदरी, सिद्धेश्वर आणि चारी

आता राखणदाराकडे वळू. पूर्णेचे पाणी आपल्या वावरात कसे येते, ते डोळ्यांसमोर आणावे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीतून सोडलेले पाणी सिद्धेश्वरात येते, तिथून कालव्यात, कालव्यातून चारीत, आणि चारीवर पाटकरी दार उघडेल तेव्हा आपल्या सरीत. येलदरी तुडुंब भरली म्हणून कुणाच्या उसाला पाणी मिळाले असे होत नाही. मधल्या प्रत्येक दाराचा हिशेब वेगळा. पेशीही पॉलीअमाईन बनवणारी विकरे अशीच एकाखाली एक दारे ठेवून सांभाळते.

सगळ्यात वरचे दार म्हणजे जनुक. विकर कसे बनवायचे याची मूळ बही तिथे ठेवलेली असते. गरज पडली की तिची नक्कल निघते. पाण्याचा ताण आला, जमीन खारवली, की आर्जिनीनच्या विकराच्या नकला भराभर निघू लागतात. पण येलदरीचे दार उघडल्यावर टेलच्या शेतात पाणी यायला वेळ लागतो, तसे इथेही. आणि कधी कधी नकला जितक्या निघतात तितके विकर बनत नाही, कारण खालचे दार बंद असते.

ते खालचे दार, आपले सिद्धेश्वर, मोठ्या गमतीचे आहे. स्पर्मिडिन आणि स्पर्मीन बनवायला दुसरे एक विकर लागते. त्याच्या नकलेत खऱ्या मजकुराच्या आधी एक छोटीशी, वरवर निरर्थक ओळ असते. नक्कल वाचून विकर घडवणारे यंत्र आधी त्या ओळीवर येते. पेशीत पॉलीअमाईन पुरेसे असतील तर यंत्र तिथेच अडते आणि पुढचा मजकूर वाचला जात नाही. पॉलीअमाईन कमी असतील तर यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जाते. म्हणजे तयार मालच आपल्या कारखान्याचे दार लावतो आणि उघडतो. ही ओळ शेवाळापासून भातापर्यंत जवळजवळ तशीच आढळते. एवढ्या काळात निसर्गाने ती पुसली नाही, त्या अर्थी तिचे महत्त्व मोठे असणार. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथील संशोधकांनी २००२ साली तंबाखूच्या रोपात ती ओळ काढून टाकून पाहिली. माल बेहिशेबी बनू लागला आणि रोपाची वाढच बिघडली.

आपल्या कारखान्यातही याहून वेगळे काय चालते? यार्डात गाड्यांची रांग लागली, गव्हाण भरून वाहू लागली, की शेतकी खाते तोडीच्या चिठ्ठ्या थांबवते. फडात ऊस कितीही उभा असो. चिठ्ठी न थांबवता टोळ्या तोडतच राहिल्या तर ऊस वाळतो आणि उतारा जातो. तोड थांबली की आपण खात्याला बोल लावतो, तो भाग निराळा.

तिसरे दार चारीवरचे. आर्जिनीनचे विकर बनते तेव्हा एका लांब साखळीच्या रूपात बनते. ओट या धान्यावर अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात १९९० च्या सुमारास झालेल्या कामातून दिसले की ही साखळी छाटून तिचे दोन तुकडे होतात आणि ते दोन तुकडे एकमेकांना धरून काम करतात. स्पर्मीन वाढले की ही छाटणी मंदावते, असेही पुढे आढळले. याही ठिकाणी शेवटचा मालच पहिल्या टप्प्याला सांगतो, थांब आता.

आणि इतके करूनही माल जास्त झालाच तर ओढ्याला सोडायचीही सोय आहे. काही विकरे पॉलीअमाईनची फोड करून टाकतात, काही माल दुसऱ्या पदार्थांना बांधून पेशीच्या कोठारात ठेवला जातो. शिवाय स्पर्मिडिनला लागणारा एक कच्चा माल इथिलीन बनवायलाही लागतो. इथिलीन म्हणजे फळ पिकवणारा, पान गाळणारा वायू. एकाच कालव्यावरच्या दोन चाऱ्या, आणि दोघींची ओढ एकाच पाण्यावर. तिथली भांडणे आपल्याला सांगायला नकोत.

सहा तासांत साठ पट

१९८२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हेक्टर फ्लोरेस आणि आर्थर गॅल्स्टन यांनी ओटच्या पानांना पाण्याचा ताण दिला. म्हणजे पाने अशा द्रावणात ठेवली की पेशीला पाणी ओढून घेणे कठीण जावे. सहा तासांच्या आत प्युट्रेसिन साठ पटींपर्यंत गेले. मका, गहू आणि बार्लीच्या पानांनीही तोच धडा गिरवला. ऊस या सगळ्यांचाच भाऊबंद, एकाच गवतकुळातला.

सहा तास म्हणजे सकाळी पाळी चुकली आणि दुपारपर्यंत पेशीने आपली बही बदललीसुद्धा. आपल्याला पान गुंडाळलेले दिसते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, करपलेले दिसते कित्येक दिवसांनी.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड झाली. प्युट्रेसिन बनवायच्या झाडात दोन वाटा असतात. एक आर्जिनीनपासून निघते, दुसरी ऑर्निथीनपासून. ताण आला तेव्हा आर्जिनीनचे विकर वाढले, ऑर्निथीनचे होते तिथेच राहिले. एक वाट रोजच्या वाढीच्या कामाची आणि एक अडीअडचणीची, असे ढोबळपणे म्हणता येते. सगळ्याच झाडांत ही विभागणी इतकी साफ नसते, पण दोन वाटांचे दोन वेगळे पाटकरी आहेत हे नक्की.

हे गॅल्स्टन मोठे विलक्षण गृहस्थ. तरुणपणी त्यांनी सोयाबीनला लवकर फुले आणणाऱ्या एका रसायनावर काम केले. मात्रा वाढवली की सोयाबीनची पाने गळतात हे त्यांनी नोंदवले. पुढे तशाच दिशेच्या संशोधनातून युद्धात जंगले उजाड करणारी रसायने तयार झाली, तेव्हा हाच माणूस व्हिएतनाममधील ती फवारणी थांबावी म्हणून वर्षानुवर्षे झगडला. आपल्या जिल्ह्यात खरिपात जिकडे तिकडे सोयाबीनच असते, म्हणून सांगितले.

त्यांच्याच प्रयोगशाळेत एम. व्ही. राजम हे भारतीय शास्त्रज्ञ काम करत होते. पुढे ते दिल्ली विद्यापीठात आले. या दोन वाटांचा फायदा कसा घ्यावा हे राजम, वाइनस्टाइन आणि गॅल्स्टन यांनी १९८५ साली दाखवले. तांबेरा ही बुरशी. पुष्कळ बुरशींपाशी प्युट्रेसिन बनवायची एकच वाट असते, ऑर्निथीनची. झाडापाशी दोन. मग ऑर्निथीनचे विकर कायमचे बंद पाडणारे रसायन घेवड्याच्या पानावर फवारले तर? बुरशीची एकुलती वाट बंद, झाडाची दुसरी चालू. तांबेरा आटोक्यात आला आणि झाडाला धक्का लागला नाही. हे रसायन काही आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळत नाही. तेच औषध पुढे आफ्रिकेतल्या निद्रारोगावर माणसांना दिले जाऊ लागले. उसावरच्या चाबूक काणीबाबतही स्पेन आणि क्यूबातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पॉलीअमाईनच्या अंगाने अभ्यास केला आहे.

महाराष्ट्रातले एक काम इथे नोंदवायला हवे. ते पॉलीअमाईनवरचे नाही, पण ताण येण्याआधी पेशीला सावध करता येते का, याच प्रश्नाचे आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात को ८६०३२, म्हणजे आपल्या नीरा जातीच्या बेण्यावर प्रयोग झाले. टिपरी मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवून मग वाढवली. अशा रोपांनी पुढे खारटपणा आणि पाण्याचा ताण अधिक सोसला. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. घरचे मीठ घेऊन कुणी बेणे बुडवायला निघू नये. प्रयोगशाळेतले माप वेगळे, आणि आपल्या चोपण पट्ट्यात आधीच मिठाला तोटा नाही.

बाटलीत मिळेल का?

उद्या कुणी पॉलीअमाईनची बाटली घेऊन बांधावर आला तर काय म्हणावे? काही पिकांवर बाहेरून स्पर्मिडिन देऊन ताण कमी जाणवल्याचे प्रयोग झालेले आहेत, ते खोटे नाहीत. पण वर सांगितलेली दारे आठवावीत. बाहेरून माल आला की पेशी आपली चिठ्ठी थांबवते. बार्लीला प्युट्रेसिन पाजल्यावर पान करपले, हेही आठवावे. ज्या कमतरतेमुळे पेशीने दगड ठेवून तोलायला सुरुवात केली, ती कमतरता बाटलीने भरत नाही. माझे स्पष्ट मत असे की एकरभर उसावर असल्या बाटलीला जितके पैसे जातील तितक्यात पालाश आणावा. केंद्र सरकारने २०२१ साली असल्या जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले आहे, तेव्हा बाटलीवर काय छापले आहे ते वाचण्याचा आणि पक्की पावती मागण्याचा आपला हक्क आहे.

पालाश का सुटतो?

आपली जमीन काळी. काळ्या जमिनीत पालाश मुबलक, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि माती परीक्षणाच्या कागदावरही पुष्कळदा तसेच येते. पण ऊस हे पीक नत्रापेक्षाही जास्त पालाश उचलते. लागण, खोडवा, पुन्हा खोडवा, असे एकाच वावरात चालले की साठा किती दिवस पुरणार? आणि मातीत असलेला पालाश मुळापर्यंत पोचायला ओल लागते. पाळी लांबली की जमिनीत असूनही पालाश मिळत नाही. पाण्याचा ताण आणि पालाशाचा ताण आपल्याकडे असे जोडीने येतात. २०१५-१६ च्या दुष्काळात ज्यांनी ऊस जगवला त्यांना हे सांगायची गरज नाही.

दुसरे कारण पैशाचे. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला. युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६७ रुपयांना मिळते. म्युरेट ऑफ पोटॅश पूर्णपणे परदेशातून येते, आणि त्याची गोणी युरियाच्या कित्येक पट पडते. मग हात कुठे आखडणार हे उघड आहे. शेतकऱ्याचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. किमतीच अशा लावल्या आहेत की चुकीचे खत स्वस्त वाटावे.

पण तोट्याचा दुसरा आकडाही बघा. हवाई बेटांवर कॉन्स्टन्स हार्ट या बाईंनी उसाच्या पानात किरणोत्सर्गी कार्बन देऊन साखर कुठे जाते ते मोजले. १९६९ साली त्यांनी दाखवले की पालाश तुटलेल्या उसात पानात तयार झालेली साखर कांडीकडे जाण्याचा वेग मंदावतो. साखर बनली पानात आणि अडकली पानात. ते पान आपण पाचट म्हणून टाकून देतो. काट्यावर वजन कमी, रसात साखर कमी, आणि खर्च मात्र पाण्याचा, मजुरीचा, युरियाचा पुरा झालेला.

माप किती?

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. पूर्वहंगामीला ३४०, १७० आणि १७०. खोडव्याला सुरूइतकेच. पालाशाचे माप म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या गोणीत मोजले तर सुरूला आणि खोडव्याला एकरी साधारण दीड गोणी, पूर्वहंगामीला सव्वादोन. निम्मा पालाश लागणीच्या वेळी, निम्मा मोठ्या बांधणीला. खोडव्याला पालाश लागत नाही असा एक समज आपल्या भागात पसरला आहे, तो कुठून आला देव जाणे.

पाण्याची पाळी लांबणार असे दिसले तर दोन टक्के युरिया आणि दोन टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची एकत्र फवारणी करावी. म्हणजे दहा लिटर पाण्याला दोन्ही प्रत्येकी २०० ग्रॅम. पोटॅश नीट विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावे, नाहीतर पंपाचे नोझल तुंबते. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी. ताण चालूच राहिला तर तीन आठवड्यांनी पुन्हा. फवारणी लागणीच्या खताची जागा घेत नाही.

पाचट जाळू नये हे आपण या पानांतून वारंवार वाचता, म्हणून लांबवत नाही. पाचटात पालाश असतो, आच्छादन केले की तो जागेवर राहतो आणि ओलही टिकते. ओल टिकली की मातीतला पालाशही मुळाला सापडतो.

आता एक गोष्ट आपल्या, म्हणजे मालकांच्या, विचारासाठी. आपल्या वावरातून उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा रसात येतो, रसातून मळीत जातो आणि मळीपासून आसवनीत अल्कोहोल काढल्यावर स्पेंट वॉशमध्ये उरतो. तो जाळून राहिलेल्या राखेपासून खत बनते. त्यात १४.५ टक्के पालाश असतो. केंद्र सरकारने २०२१ साली या खताला अन्नद्रव्य अनुदानाच्या यादीत घेतले, आणि २०२४ च्या जानेवारीत साखर कारखान्यांनी ते खत कंपन्यांना विकण्याचा दर टनाला ४,२६३ रुपये असा ठरला. सुरू उसाचा पूर्ण पालाश या खतातून द्यायचा तर एकरी सव्वातीन क्विंटल लागेल. परदेशी पोटॅशची गोणी परवडत नाही म्हणून आपण हात आखडतो, आणि आपलाच पालाश राखेच्या रूपाने दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत जाऊ शकतो. वार्षिक सभेत खताच्या वाटपाचा विषय निघतो तेव्हा हा प्रश्न सभासदांनी विचारायला हरकत नाही.

मातीचा नमुना ऊस तुटल्यावर, खोडव्याला खत टाकण्याआधी घ्यावा. वावरात सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून कडेची माती नांगरटीच्या खोलीपर्यंत खरवडून काढावी, एकत्र मिसळून चार भाग करत अर्धा किलो ठेवावी. खताच्या ढिगाजवळची, बांधाची आणि झाडाखालची माती घेऊ नये. पिशवीत गट नंबर, मागचे पीक आणि ऊस कितव्या खोडव्याचा आहे ते लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाईची ओल्या मातीत पुसते.